ताटाची डावी बाजू

मेडिकलमध्ये, कोबाल्टच्या खोलीबाहेर,
लाकडी बाकावर आम्ही सत्तावीस दिवस बसलो.
मी आणि बाबा. धनराज हेडाऊ, वय एकसष्ट, कार्ड पिवळं.
खर्रा नेहमी डाव्या गालात धरायचे.
गाठ डावीकडेच आली.
"आरशातल्या मानसाले उजवीकडं हाय," ते म्हणाले,
"त्याचा इलाज कोन करन?"

मी हसले नाही.
कॉलेजात पोलॅरिमीटर लावून देणं माझं काम:
अंधारी खोली, सोडियमचा दिवा, नळीत साखरेचं पाणी.
प्रकाश उजवीकडे वळतो.
आम्ल घातलं की हळूहळू मागे येतो, शून्य ओलांडतो,
डावीकडे जातो.
दरवर्षी कोणीतरी विचारतं, मॅडम, मशीन बिघडलं का?
मी मॅडम नाही, परिचर आहे.
मशीन बरोबर आहे, एवढं सांगते.

बाबांच्या मागावर डावं-उजवं नव्हतं.
धोटा इकडून जितका गेला तितकाच तिकडून आला,
नाहीतर किनार ओढते, लुगडं वाकडं जातं.
गोळीबार चौकातल्या त्या खोलीत बसून
त्यांना वाटायचं, जग असंच विणलेलं असणार,
दोन्ही हातांना सारखी मजुरी.

कोबाल्टला हे कोणी सांगितलेलं नाही.
त्याच्या गाभ्यातून सुटणारा इलेक्ट्रॉन
बहुतेक वेळा डावराच निघतो.
आरशात दिसतो तसा कोबाल्ट
या जगात कुठेच सापडत नाही,
म्हणजे आरसा खोटं बोलतो, हे बाबांनी
बाकावर बसल्या बसल्या ओळखलं होतं.
तो इलेक्ट्रॉन रोग्यापर्यंत पोचत नाही.
पोलादी डबीतच विझतो.
गाल भाजला तो दुसऱ्याच किरणांनी.

आई ताट वाढते: मीठ, लिंबू, चटणी डावीकडे,
भाजी उजवीकडे.
कोणीतरी जिवांचंही ताट असंच वाढलं:
प्रथिनं डावी, साखर उजवी,
बुरशी, बाभूळ, बैल, मी,
सगळे एकाच पंगतीत.
पहिल्या वाढप्याचा हात
त्या डावऱ्या इलेक्ट्रॉननं हलवला का?
काही जण म्हणतात, हो.
पण फरक काढायला बसलं
तर एकावर सतरा शून्यं मांडावी लागतात,
आणि तेवढ्यांत एकाचा.
माझ्या वहीत त्यापुढे प्रश्नचिन्हच आहे.

अठराव्या दिवशी तोंड सोललं. पाणीही झोंबायचं.
त्याच दिवशी कळमन्याहून कोणी
पिशवीभर संत्री आणून दिली.
खाता येईना,
म्हणून मी साल त्यांच्या नाकाशी मोडली.
बारीक फवारा उडाला.
डोळे मिटून म्हणाले, "आंबिया बहाराचं हाय."
तोच रेणू उलट्या हाताचा असता
तर त्यांना रंगाऱ्याचं दुकान आठवलं असतं,
टर्पेंटाइनचा डबा.
नाकातही आपण एकाच हाताचे मोजे टांगून ठेवलेत.

डावलणं हा शब्द तेव्हापासून मला नीट वापरता येत नाही.

किरण सुरू करण्याआधी एक दाढ काढली होती.
ती माझ्याकडे आहे,
खर्र्यानं तपकिरी झालेली, फिल्मच्या डबीत.
बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.
श्वास चालू असतो तोवर शरीर झिजलेलं काढून
नवं डावंच भरत राहतं.
मग कोणी भरणारं उरत नाही. एकेक रेणू
कूस बदलतो,
दोन्हीकडे सारखे होईपर्यंत.
धोट्यासारखा हिशेब. बाबांना पटला असता.
फक्त तो फार सावकाश चालतो,
हजारो वर्षं लागतात,
आणि दाढेत तर जिवंतपणीच थोडा सुरू झालेला असतो.

आज त्यांची तिथी. आईनं पान मांडलं.
मीठ डावीकडे आहे ना, तिनं दोनदा पाहिलं.
मी कपाटातून डबी काढून कानाशी हलवली.
वाजते.
आत अजून डावंच जास्त आहे.